अठ्ठेचाळीस मैलांच्या आत

मे महिन्याच्या उन्हात रेल्वेचा काळा कोट घालून ओट्यावर बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो कोट थंडीसाठी मिळालेला. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, कोपरांवर ठिगळं होती, पण कुणी बोलायला येणार म्हटलं की आमचे घरमालक कोट चढवायचे आणि गळ्याशी बटणही लावायचे. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. साऱ्या मोहल्ल्यात ते गार्डसाहेब. उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली.

"ड्रायव्हरला पुढचं दिसतं, बाई," ते म्हणायचे. "गार्डाला नुसतं मागं पडलेलं."

मी तळेगाव ढमढेऱ्याची. दौंडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा खोली शोधत फिरत होते. दोन-तीन घरी माझं आडनाव ऐकल्यावर खोली परवाच दिल्याचं घरमालकांना एकदम आठवलं. गार्डसाहेबांनी आडनाव विचारलंच नाही. हातातलं भिंग तसंच डोळ्यापाशी धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरींना शिकवता का पोरांना?"

"दोघांनाही."

"कितवीला?"

"आठवी-नववी."

आठवी म्हटल्यावर त्यांनी भिंग खाली घेतलं. मग आत तोंड करून म्हणाले, "नजमा, खालच्या खोलीची चावी दे."

आतून एक चाळिशीकडे झुकलेली बाई आली. तिनं चावी माझ्या हातावर ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता परत गेली. ती त्यांची मुलगी. बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. का बघत नाहीत, हे कळायला आठवडाही लागला नाही, कारण ती गोष्ट तिथं कुणीच लपवत नव्हतं. गार्डसाहेब तर स्वतःच सांगायचे. भाजीवाल्याला सांगायचे, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगायचे. बशीत चहा ओतता ओतता सुरुवात व्हायची, "मी माझ्या पोरीचं वाटोळं केलं, ऐका."

नजमाआपा शाळेत हुशार होती. आठवीत असताना ती वयात आली आणि त्या वेळच्या मौलवींनी सांगितलं, आता मुलीला घरी बसवा, दीनमध्ये, धर्मात, तसंच सांगितलंय. गार्डसाहेब सदा लाईनवर. आज मनमाड, उद्या वाडी. घरी बायको एकटी. बापाच्या मनात भीती होतीच. मौलवींच्या शब्दानं त्या भीतीला धर्माचा कागद मिळाला. शाळा बंद झाली. पुढं शिरूरच्या एका कुशनवाल्याशी लग्न लावलं. गाड्यांच्या सीटा शिवायचा, माणूस भला होता. मुलगी झाली, आफरीन. ती पायांवर उभी राहते न राहते तोच तो नगर रस्त्यावर ट्रकखाली गेला. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतलं, मग मायलेकींना दौंडच्या गाडीत बसवून दिलं.

"परत आली तवा मी तिला म्हनलं, काय तरी काम बघ," गार्डसाहेब सांगायचे. "ती म्हनली, काय बघू? अर्धी आठवी कुठं चालती? तवा मी वाचायला बसलो."

वाचायला बसले म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं. लहानपणी अरबी अक्षरं त्यांना सगळ्यांसारखीच शिकवली होती. तोंडपाठ सगळं, अर्थ काही नाही. "पोपट होतो मी, बाई." निवृत्तीनंतर ते गावातल्या एका म्हाताऱ्या, कुराण मुखोद्गत असलेल्या हाफिजांकडे जाऊन अरबी व्याकरण शिकले. उर्दू, हिंदी, मराठी असे कुराणाचे तर्जुमे, म्हणजे अनुवाद, जमवले. ओट्यावर लाकडी रेहल मांडून, तिच्यावर किताब उघडून, भिंग घेऊन, बोट फिरवत सकाळची दुपार करायचे. त्यांना एकच वाक्य शोधायचं होतं. मुलीला शाळेतून काढा, असं जिथं सांगितलंय ते वाक्य.

"सगळं वाचलं. उलटं वाचलं, सुलटं वाचलं. ते वाक्यच न्हाई, बाई! पहिला शब्द उतरला तोच 'वाच' असा उतरला. त्याच्या फुडं 'फकस्त बाप्यानं' असं कुठंच न्हाई."

हे सांगताना त्यांना आनंद व्हायचा की दुसरंच काही, मला कधी ठरवता आलं नाही. वाक्य सापडलं असतं तर निदान त्यांची चूक देवाच्या आज्ञेची ठरली असती. नाही सापडलं, म्हणजे ती त्यांची एकट्याची होऊन बसली.

धर्माबद्दल बोलायची त्यांची भाषाही रेल्वेचीच होती. कुठली गोष्ट हराम, कुठली नुसती टाळलेली बरी, हे ते सिग्नलवर समजावून द्यायचे. "लाल म्हंजी थांबा. तिथं वाद न्हाई. लाल थोडेच असत्यात. पिवळा म्हंजी हळू, फुडं बघून चला. ह्या लोकांनी काय केलं? सगळे पिवळे लाल रंगवून टाकले. मग गाडी हालंल कशी?" शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवरही ते हेच बोलायचे आणि माणसं हसून चपला शोधायला लागायची. चांगला माणूस, पण डोक्यावर परिणाम झालाय, असं लोकांचं मत होतं. पोरं त्यांना बघून शिट्टी वाजवायची. ते चिडत नसत. खिशातून हिरवा रुमाल काढून पोरांना पुढं जायची परवानगी द्यायचे.

मी बौद्ध आहे हे त्यांना माझ्या भिंतीवरच्या फोटोंवरून कळलं. ते दारातूनच म्हणाले, "तुमचं बरं हाय. तुमच्या लोकांनी सरळ पोथीच बदलली. आम्हाला त्याच पोथीत राहायचंय आन् तीच परत वाचायचीय. हे लई अवघड काम हाय, बाई." पोथी बदलली म्हणून खोली मिळत नाही, हे त्यांना सांगावंसं वाटलं होतं.

एकदा त्यांनी माझ्याकडून आठवीची पुस्तकं मागवली. संपूर्ण संच. नजमाआपाला बाहेरून परीक्षा देता येते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पुस्तकं त्यांनी स्वतः कव्हरं घालून तिच्या शिलाई मशीनवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ब्लाउज टाकायला वर गेले, तर गणिताचं आणि इतिहासाचं पुस्तक मशीनच्या आखूड पायाखाली होतं.

"बरोब्बर बसली," नजमाआपा म्हणाली. "लई दिवस डुगडुगत होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गार्डसाहेबांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

आफरीन बारावी झाली आणि तिला हडपसरच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. सकाळच्या डेमू गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. त्याच आठवड्यात शिरूरहून तिचे थोरले चुलते आले. बाप नसलेल्या मुलीचे आपण वली, म्हणजे पालक, तिचं पाहायचं आपल्याला, या हिशेबानं आले होते. वाईट माणूस नव्हे. येताना कलिंगडं घेऊन आले होते, आफरीनच्या डोक्यावरून हात फिरवताना भावाच्या आठवणीनं त्यांचे डोळे भरले. त्यांनी शिरूरमध्येच एक मुलगा बघून ठेवला होता. सोबत मशिदीचे नवे मौलाना होते. तरुण, मृदू बोलणारे, आल्या आल्या गार्डसाहेबांच्या पायाशी बसले. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की बाईमाणसानं महरमशिवाय, म्हणजे बाप, भाऊ, आजोबा असं रक्ताचं माणूस सोबत असल्याशिवाय, सफर करणं बरोबर नाही.

गार्डसाहेबांनी कोटाचं बटण लावलं. मी खालून आफरीनसाठी पिशवी घेऊन वर आले होते, ती जिन्यातच थांबले.

"सफर कितीपासून धरायची, मौलाना?"

"जी?"

"तुमच्या किताबात हद्द दिलीय. अठ्ठेचाळीस मैल. त्याच्या आत असंल तर ती सफर न्हाई. बरोबर का?"

"जी, बरोबर."

"अठ्ठेचाळीस मैलाचे किलोमीटर सत्त्याहत्तर. दौंड ते पुणे जंक्शन त्याच्या आत बसतं, पन काठावर. हडपसर त्याच्याबी अलीकडं. निवांत बसतं. ही लाईन मी जन्मभर तुडवलीय. पोरगी हडपसरला उतरनार. हद्दीच्या आत!"

मौलाना हसले. खरंच कौतुकानं हसले. मग म्हणाले, "चाचा, मसला किलोमीटरचा नाहीये. रोजचं जाणं, रोजची गर्दी, जमाना खराब."

"मग मसला कशाचा?"

चुलते म्हणाले, "इज्जतीचा. उद्या काय झालं तर लोक माझ्या मेलेल्या भावाला नावं ठेवतील."

"व्हय? म्हंजी लाल सिग्नल वरच्याचा न्हाई. शेजाऱ्यापाजाऱ्याचा हाय." गार्डसाहेब उठून उभे राहिले. "बरं. महरमच पायजे ना? मी तिचा नाना, आईचा बाप. हा घ्या महरम." आणि त्यांनी कोटावर थाप मारली. धूळ उडाली.

पाहुणे गेल्यावर ते खुशीत होते. आत-बाहेर करत होते, पुन्हा पुन्हा मैलांचे किलोमीटर करत होते. मशीन थांबलं. नजमाआपा पडद्याबाहेर आली. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"अब्बा, मला काढलं तवा शाळा किती किलोमीटर होती?"

शाळा गल्लीच्या तोंडाशी होती. तिथून घंटा घरात ऐकू यायची. गार्डसाहेबांनी गळ्याशी लावलेलं कोटाचं बटण सोडलं.

"वाचता येत न्हवतं तवा किताब दाखवून मला बसवलं," ती म्हणाली. "आता वाचता येतंय तर किताब दाखवून हिला पाठवताय. किताब बरोबरच आसंल, अब्बा. मला कुनी इचारलं? तवाबी न्हाई, आताबी न्हाई."

तिनं आफरीनचा ॲप्रन उचलला आणि काज करायला आत गेली.

दुसऱ्या सोमवारपासून गार्डसाहेब खरोखरच जायला लागले. सकाळी काळा कोट, हातात डबा, काखेत कापडात गुंडाळलेली किताब. आफरीन बायकांच्या डब्यात बसली तर महरम सोबत कसा धरायचा, म्हणून दोघं जनरल डब्यात उभे राहायचे. हडपसरला तिला कॉलेजच्या गेटात सोडायचं आणि दिवसभर गेटाबाहेर बसायचं. वॉचमननं दया येऊन खुर्ची दिली. पहिल्या वर्षाच्या मुलींना ब्लड प्रेशर घ्यायचा सराव करायला माणूस हवा असायचा. त्या मधल्या सुट्टीत बाहेर येऊन नानांच्या दंडाला पट्टा बांधायच्या. गार्डसाहेब बाही वर करून बसायचे आणि त्या मोबदल्यात मुलींना एकेक आयत, कुराणातलं वचन, समजावून सांगायचे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या मुली ऐकायच्या. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात त्यांना मनापासून ऐकणारी माणसं तेवढीच मिळाली. "तिथं कोन चपला शोधत न्हाई," असं ते मला म्हणाले होते.

त्या मुलींच्याच लक्षात आलं, की आकडा दर वेळी भलताच वर येतोय. आधी त्यांना आपलंच चुकतंय असं वाटलं. मग मॅडमनी येऊन स्वतः पाहिलं आणि तिथंच डॉक्टरांकडं नेलं. आफरीन गाडीत रडत आली. गार्डसाहेबांनी तिला घरी काही सांगायचं नाही अशी शपथ घातली आणि तसेच जात राहिले. मला तिनं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले.

"चाचा, घरी बसा. ती एकटी जाईल."

"एकटी गेली तर शिरूरवाले येत्याल, बाई. मला बघून ते बाहेरच थांबल्यात."

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात दौंड स्टेशनच्या पुलावर ते खाली बसले ते बसलेच. दवाखान्यातून आले ते खाटेवर. उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं. आणि ते म्हणाले होते तसंच झालं. पंधरवड्यात चुलते आले, मौलाना आले, जमातीतली आणखी दोन माणसं आली. कलिंगडाचा मोसम नव्हता, पण चुलत्यांनी पेरू आणले होते.

"आता महरम नाही," चुलते म्हणाले. "मुलाकडचे अजून थांबलेत. साखरपुडा उरकून घेऊ."

गार्डसाहेबांनी डाव्या हातानं कोट मागितला. मी त्यांच्या खांद्यावर टाकला. ते बोलायला लागले. अठ्ठेचाळीस म्हणायचं होतं; शब्द तोंडातच फिरत राहिला. लाळ गळली. चुलत्यांनी मान दुसरीकडे वळवली. मौलानांनी पुढं होऊन आपल्या रुमालानं त्यांची हनुवटी पुसली.

पडद्यामागून नजमाआपा आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ती जाईल," ती म्हणाली. "एकटी जाईल."

"नजमा, शरीयतमध्ये..." चुलते म्हणाले.

"मला शरीयत वाचता येत न्हाई, भाईजान. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वाचू दिलं न्हाई. तवा मला त्यातलं काय इचारू नका. मी तिची आई हाय. ती सकाळच्या गाडीनं जाईल."

कुणी ओरडलं नाही. चुलते उठले, पेरूंची पिशवी तिथंच ठेवून गेले. जाताना एवढंच म्हणाले, की भावाचं घर आजपासून आम्हाला मेलं. पुढं मोहल्ल्यातल्या बायका ब्लाउज टाकायला यायच्या बंद झाल्या. तोंडावर कुणी बोलायचं नाही, फक्त कापड यायचं नाही. नजमाआपानं बाजारातल्या दुकानातून गोधड्यांच्या शिवणीचं काम आणलं. त्यात पाठ मोडून जायची.

मला वाटलं होतं, गार्डसाहेबांना आनंद होईल. झाला नाही. आफरीन जात होती, पण त्यांच्या किताबाच्या जोरावर नव्हे. इतकी वर्षं बोट फिरवून त्यांनी जे दार उघडायचा प्रयत्न केला ते त्यांच्या मुलीनं न वाचताच ढकललं होतं. रेहल त्यांनी पुन्हा मागितली नाही. मी संध्याकाळी जाऊन बसले की मराठी तर्जुमा वाचून दाखवू का विचारायची. ते डोळे मिटून घ्यायचे. नजमाआपा त्यांचं सगळं करायची. कूस बदलायची, अंग पुसायची, भरवायची. हात कधी थकला नाही. पण भरवतानाही ती वाटीकडे बघायची. एकदा त्यांनी मोठ्या कष्टानं "माफ" एवढा शब्द जुळवला. मी तिथं होते. तिनं ऐकला. तोंड पुसून तिनं वाटी उचलली आणि म्हणाली, "पानी देऊ?"

आफरीन आज पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. दौंडला येते, आईला औषधं, साड्या, सगळं आणते. मुक्काम करत नाही. शेवटच्या गाडीनं परत जाते. का, ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी सुट्टी घेऊन दिवसभर त्या घरात होते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. आफरीन सकाळी नानांच्या कपाळाला हात लावून गेली आणि गाडी केडगावही ओलांडून गेली नसेल, तोवर ते गेले. नजमाआपानं मला खालून बोलावलं. डोळे मिटवले, हनुवटी बांधली. मी फोन काढला तसा तिनं माझा हात धरला.

"कुनाला करताय?"

"आफरीनला. नाहीतर कॉलेजात."

"नको. पेपर हाय तिचा."

"आपा, तिचे नाना आहेत."

"माझे बाप हायत," ती म्हणाली. "फोन ठेवा, बाई."

माणसं जमली. इतके दिवस न आलेल्या बायकाही आल्या. शिरूरहून चुलते आले, दारातच ढसाढसा रडले. पोरगी कुठं आहे विचारलं, आणि उत्तर ऐकून सुन्न झाले. मौलाना आत निरोप पाठवत होते, की संध्याकाळपर्यंत थांबायला हरकत नाही, मगरीबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर नेऊ, मुलीला तोंड बघू द्या. तसं चालतं, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं.

नजमाआपा म्हणाली, "न्हाई. तोंड बघितलं तर ती उठायची न्हाई. उद्याबी पेपर हाय. दुपारी न्या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिच्याकडे बघत होते. ती हे मुलीसाठी करत होती, की त्या म्हाताऱ्याकडून काही वसूल करत होती, मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. तिलाही माहीत असेल असं वाटत नाही. जनाजा उचलला तेव्हा ती रडली नाही. दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली. नमाज मौलानांनी पढवली. मधेच त्यांचा आवाज फुटला असं नंतर कळलं.

संध्याकाळी आफरीन आली. दाराशी चपलांचा ढीग होता, त्यातून वाट काढत ती आत आली. बायका पढत होत्या, त्या थांबल्या.

नजमाआपा उठली. लेकीच्या खांद्यावरची बॅग तिनं उतरवून घेतली.

"पेपर कसा गेला?"

"चांगला गेला," आफरीन सवयीनं म्हणाली, आणि मग तिची नजर भिंतीशी उभी करून ठेवलेल्या नानांच्या खाटेवर गेली.

"हातपाय धू," आई म्हणाली. "उद्याचा कशाचा हाय?"